खारीची पहिली हाक

सागाचं एक जंगल होतं, आणि त्या जंगलात एक तरुण खार आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. मोहाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत दोघींचं बरं चाललं होतं. मग होळीच्या सुमारास वणवा आला. झाड गेलं, ढोली गेली, ढोलीत वर्षभर साठवलेल्या बिया गेल्या. मायलेकी तेवढ्या वाचल्या आणि बांबूच्या एका बेटात येऊन राहिल्या. बांबूच्या बेटात सावली मिळते, खायला काही मिळत नाही. त्यात वणव्यातून पळताना आई दगडावर पडली होती आणि तिचे पुढचे दोन्ही दात मोडले होते. कठीण बी तिला फोडता येईना. मऊ फळ मिळालं तर तिचं पोट भरे, नाही तर ती पाणी पिऊन पडून राही.

मुलांनो, त्या जंगलात उन्हाळ्यात एकच पाणवठा उरत असे. दिवस कलला की सगळे प्राणी तिथे पाण्याला येत, आणि बिबट्याही येई. तो काही पाणी प्यायला येत नसे, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून काठावरच्या अर्जुनाच्या झाडावर पहारा बसवायची पद्धत होती. पहारेकऱ्याने बिबट्या पाहिला की हाक द्यायची, आणि हाक आली की कळपाने तोंडातला घोट टाकून उठायचं. बिबट्याचं एक असतं. आपण दिसलो हे त्याला कळलं की तो उगाच धावून दमत नाही, मुकाट्याने उठतो आणि निघून जातो. या कामाबद्दल प्रत्येक पहारेकऱ्याला अर्जुनाची एकेक ढोली राहायला मिळे आणि शेजारच्या उंबराची पिकलेली फळं खायला मिळत. उंबराची फळं मऊ असतात.

पहाऱ्यावर दोघे होते, एक म्हातारा वानर आणि एक मोर. वणव्यानंतरच्या गडबडीत मोर बिबट्याच्या तोंडी गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. ही बातमी ऐकून आपली खार शेपूट झाडून, मिश्या पुसून पाणवठ्यावर गेली. तिथे दोघे बसले होते. एक होतं म्हातारं सांबर. मोठ्या शिंगांमुळे ते कळपाचं प्रमुख झालं होतं. दुसरा होता कोल्हा. तो पहाऱ्याची नोंद ठेवत असे. कुणाच्या हाकेवर कळप उठला की तो कांडोळाच्या पांढऱ्या खोडावर त्याच्या नावापुढे नखाने एक ओरखडा काढी. वानराचे ओरखडे खोडभर होते.

"पहारा किती उन्हाळे केलास?" सांबराने विचारलं.

"अजून एकही नाही, सांबरकाका. पण माझी नजर चांगली आहे. शेंड्यावरून मला पलीकडच्या काठावरचा सरडासुद्धा दिसतो."

"नजर सगळ्यांनाच असते. नियम असा आहे की ज्याच्या हाकेवर निदान एकदा तरी कळप उठला आहे, त्यालाच पहारा द्यायचा."

खारीने थोडा विचार केला. "पण काका, पहाऱ्यावर नसलेल्याच्या हाकेवर कळप उठतो का?"

"नाही उठत. कसा उठेल? कुणीही ओरडेल आणि आम्ही पळत सुटायचं का?"

"मग पहारा मिळाल्याशिवाय कळप उठणार नाही, आणि कळप उठल्याशिवाय पहारा मिळणार नाही."

"बरोबर समजलीस," सांबर समाधानाने म्हणालं. खार हुशार आहे असं त्याला खरंच वाटलं असावं. पण हुशारीची जागा रिकामी नव्हती.

खारीने शेवटचा उपाय म्हणून पाठ वळवून दाखवली. "आमच्या पूर्वजांनी रामाच्या सेतूवर वाळू वाहिली होती. ही पाठीवरची बोटं तेव्हाचीच आहेत."

कोल्ह्याने मान तिरकी करून पट्टे नीट पाहिले. "ते पूर्वजांचं झालं. आणि ते बांधकाम होतं. बांधकाम पहाऱ्यात धरता येत नाही." मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "आधी थोडा अनुभव घे आणि मग ये. आमचं दार तुला नेहमी उघडं आहे." पाणवठ्याला दार नसतं. पण असं बोलायची एक पद्धत असते, आणि ती मोठेपणी तुमच्याही कानावर पडेल.

संध्याकाळी खार बांबूच्या बेटात परत आली. आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही असं तू म्हणतेस ना, आई? तिथे पोहता आल्याशिवाय काठावरसुद्धा उभं राहू देत नाहीत."

आई म्हणाली, "त्या वानराला विचार. त्यालाही कुणीतरी पहिल्या दिवशी बसवलंच असेल की."

दुसऱ्या दिवशी खार वानराकडे गेली. वानराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याची नजर अलीकडे अधू होत चालली होती. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती आणि सांगणारही नव्हता. म्हणून त्याला खारीचं येणं सोयीचं वाटलं. "बस माझ्याजवळ. शिकून घे. पण शिकणाऱ्याला उंबरं मिळत नाहीत, आणि ढोलीही नाही. आणखी एक, तोंड उघडायचं नाही. दिसलं तर माझ्या कानात सांगायचं. हाक माझी."

"पण आजोबा, मी हाक दिली नाही तर माझ्या नावावर काय लागणार?"

"मी सांगेन ना कोल्ह्याला, पोरगी कामाची आहे म्हणून. माझा शब्द कुणी मोडत नाही."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. खारीने वानराचे धरले. ती सकाळी त्याच्यासाठी कोवळा पाला आणी, दुपारी त्याच्या पाठीतल्या उवा वेची आणि दिवस कलला की शेंड्यावर जाऊन बसे. या कामात तिला आईसाठी फळं शोधायला वेळच उरेना. उंबराच्या झाडाखाली पडलेली, कीड लागलेली एखाददोन फळं ती घरी जाताना तोंडात धरून नेई. आई त्यातली अर्धी खाई आणि अर्धी "मला नको, तूच खा" म्हणून परत करी. दोघींनाही माहीत होतं की आईला ती हवी असत.

पण खार शिकली, अगदी मनापासून शिकली. वारा कुठल्या अंगाने असला की बिबट्या कुठल्या अंगाने येतो, करवंदीच्या जाळीतली चिमणी गप्प झाली तर त्याचा अर्थ काय, गवत वाऱ्याने हलतं तेव्हा कसं आणि अंगाने हलतं तेव्हा कसं, हे सगळं तिला कळू लागलं. महिन्याभरात तीन वेळा तिला बिबट्या दिसला. तिन्ही वेळा ती धावत खाली आली आणि वानराच्या कानात म्हणाली, "जाळीत आहे, डावीकडे." तिन्ही वेळा वानराने "खॅक् खॅक्" अशी दणदणीत हाक दिली, कळप उठला, बिबट्या परत गेला आणि कोल्ह्याने खोडावर वानराच्या नावापुढे ओरखडा काढला. सांबर म्हणालं, "वय झालं, पण नजर बघा म्हाताऱ्याची."

तिसऱ्या वेळेनंतर खार धीर करून कोल्ह्याकडे गेली. "ते तिन्ही वेळा मी पाहिलं होतं. आजोबांना विचारा."

कोल्ह्याने वानराला विचारलं. वानर डोकं खाजवत म्हणाला, "पाहिलं असेल. पोरगी जवळपास असते खरी."

"हाक कुणाची होती?"

"हाक माझी होती."

"मग झालं तर," कोल्हा खारीकडे वळून म्हणाला. "आम्ही हाक मोजतो, पाहणं मोजत नाही. पण तू वेळ देतेस ते चांगलं आहे. खारीचा वाटा म्हणतात तो हाच."

मला या कोल्ह्याचा फार राग येतो. पण खरं सांगायचं तर तो खोटं काहीच बोलला नव्हता. नियमाचं बोट धरून चालणाऱ्याला खोटं बोलायची गरजच पडत नाही.

वैशाख आला. पाणवठा आटून डबक्याएवढा झाला. बांबूच्या बेटात खारीची आई आता उठून बसत नव्हती. निघताना खार म्हणाली, "आज मी जात नाही, आई. तुझ्यापाशी बसते."

"जा. इतके दिवस बसलीस आणि आज नेमकी जागा भरली तर? काम मिळालं की मला त्या ढोलीत ने. तिथे गार असेल." म्हणून खार गेली.

त्या दिवशी वानराने उंबरं पोटभर खाल्ली होती आणि उन्हाने त्याचा डोळा लागला होता. खाली चितळांचा कळप पाण्यावर आला. त्यात एक हरिणी होती आणि तिच्या पोटाशी पंधरा दिवसांचं पाडस. त्याला पाणी पिता येत नव्हतं. ते नुसतं तोंड बुडवून शिंकत होतं. सगळ्यात पुढे सांबर होतं. तेवढ्यात जाळीतली चिमणी गप्प झाली.

खारीने गवत पाहिलं. ते अंगाने हलत होतं. ती सरसर खाली आली. "आजोबा, उठा. जाळीत आहे."

वानर हलला नाही. तिने त्याचा कान ओढला, शेपूट ओढलं. झोपेतच तो पुटपुटला, "गप बस. पहाऱ्यावर आहे मी."

खारीला महिनाभर बजावलेलं होतं की तोंड उघडायचं नाही. क्षणभर तिला ते आठवलं. मग तिला पाडस दिसलं, आणि फांदीच्या टोकावर जाऊन तिने आयुष्यातली पहिली हाक दिली. "चिक् चिक् चिक्" करत तिने सगळा जीव त्या हाकेत घातला. तिची शेपटी प्रत्येक हाकेसरशी ताठ होत होती.

कळपाने माना वर केल्या. हाक ऐकू आली नाही असं कुणीच म्हणू शकणार नाही.

"कोण ओरडतंय?" एका चितळाने विचारलं.

"खार आहे ती," दुसरं म्हणालं.

"वानराची हाक आली का?"

सांबराने अर्जुनाकडे पाहिलं. वानर फांदीवर बसलेला दिसत होता. "नाही आली. पाणी प्या." आणि सगळ्या माना पुन्हा खाली गेल्या.

हरिणीने पुढचा एक पाय उचलला होता. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळे पीत होते. तिने पाय खाली ठेवला. जाळीतून बिबट्यानेही हे सगळं पाहिलं. कुणी उठत नाही हे दिसल्यावर त्याला परत जायचं काही कारण उरलं नाही. पुढचं मी लांबवत नाही. त्याने पाडस नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांडोळाखाली सगळे जमले. हरिणी एका बाजूला उभी होती आणि कुणाकडेच पाहत नव्हती. सांबर म्हणालं, "झालं ते फार वाईट झालं. पण यात चूक कुणाची हे बघायला हवं."

"मी हाक दिली होती," खार म्हणाली.

"हो, आम्ही ऐकली."

"मग उठला का नाहीत?"

सांबराला हा प्रश्न उद्धट वाटला. कोल्ह्याने त्याला त्रास पडू दिला नाही. "पहाऱ्यावर नसलेल्याच्या हाकेवर उठायचं नाही, हा नियम आहे. तुला पहिल्याच दिवशी समजावला होता. आणि आता आणखी एक अडचण झाली आहे. आजवर तुझ्या नावापुढे काहीच नव्हतं. आता एक हाक आहे, आणि तिच्यावर कळप उठलेला नाही." त्याने खोडाच्या अगदी खालच्या बाजूला एक आडवा ओरखडा काढला. "कोरं नाव असतं तर पुढेमागे विचार करता आला असता."

वानराचं काय करायचं यावरही बोलणं झालं. तो झोपला होता हे सगळ्यांना कळलं होतं. पण इतक्या वर्षांचा पहारेकरी दुसरा कुठून आणणार? कोल्हा म्हणाला, "अशा प्रसंगातून गेलेला पहारेकरी उलट जास्त कामाचा." वानर खाली मान घालून पुन्हा अर्जुनावर चढला. मोराची जागा रिकामीच राहिली.

सगळे पांगल्यावर हरिणी खारीजवळ आली. खार दगडावर बसून होती. हरिणी म्हणाली, "मी ऐकलं होतं, बाई. पाय उचललाही होता. मग बाकीच्यांकडे पाहिलं."

खारीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मी एकटी उठले असते तर?"

याचं उत्तर खारीला माहीत होतं, आणि हरिणीलाही. खारीने हरिणीच्या पायाला नुसतं नाक लावलं आणि ती घरी गेली.

आई जागी होती, पण डोळे मिटून होती. "काल फार उशीर केलास. आज तर सकाळीच गेलीस," ती म्हणाली. "काही झालं का तिथे?"

"काल मी हाक दिली, आई."

आईने डोळे उघडले. "तू दिलीस? स्वतः?"

"हो."

"ऐकली का त्यांनी?"

"सगळ्यांनी ऐकली."

"मग आता झालंच काम," आई म्हणाली. ती महिन्याभरात नव्हती एवढी बरी दिसली. खारीने आणलेलं किडकं उंबर त्या दिवशी तिने सगळं खाल्लं, अर्धं परत केलं नाही. ढोलीत गेल्यावर कुठल्या बाजूला झोपायचं हेही तिने ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. खारीने तिला बांबूच्या पानांनी झाकलं. अर्जुनावरची मोराची ढोली तेव्हाही रिकामीच होती.

त्यानंतर कोल्ह्याने मोराच्या जागेसाठी पुन्हा दवंडी दिली. एक मुंगूस आलं, एक तितर आलं, एक तरुण सातभाई आपल्या सहा भावंडांना घेऊन आला. सगळ्यांची नजर चांगली होती, सगळ्यांना उंबरं हवी होती. सगळ्यांना कोल्ह्याने गोड आवाजात सांगितलं की आधी थोडा अनुभव घ्या आणि मग या. तितर परत जाताना रडत होतं. खारीने त्याला बांबूच्या बेटावरून पाहिलं, पण त्याला सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. तिने मात्र एक केलं. दिवस कलला की ती बांबूच्या शेंड्यावर चढून बसू लागली. तिथूनही पाणवठा दिसत असे. तिला कुणी बसवलं नव्हतं, आणि आता काही मिळवायचंही नव्हतं. पण एकदा गवत वाचता यायला लागलं की ते न वाचणं जमत नाही.

ज्येष्ठ लागता लागता एका संध्याकाळी जाळीतली चिमणी पुन्हा गप्प झाली. वानर अर्जुनावर जागा होता, पण जाळीपर्यंत त्याला आता दिसतच नव्हतं. खारीने बांबूवरून हाक दिली.

कळपाने माना वर केल्या. "तीच खार," कुणीतरी म्हणालं. सांबराने अर्जुनाकडे पाहिलं, वानर स्वस्थ होता. माना खाली गेल्या.

हरिणी मात्र उठली. या वेळी तिने डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. ती तडक चढावर गेली, जाळीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला. एकदा, मग पुन्हा एकदा. जाळीत बिबट्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि आपण दिसलो हे ओळखलं. गवत थोडं हललं. मग ते हलायचं थांबलं आणि चिमणी पुन्हा बोलू लागली.

पाणवठ्यावर सगळे पोटभर पाणी प्याले. सांबर म्हणालं, "बघा, काहीच नव्हतं. उगाच ओरडत असते."

कोल्हा कांडोळापाशी गेला आणि त्याने खारीच्या नावापुढे दुसरा आडवा ओरखडा काढला. हरिणीने त्याला हटकलं. "मी उठले होते. तिच्या हाकेवर उठले."

"पाहिलं मी," कोल्हा म्हणाला. "पण नियमात कळप म्हटलं आहे. एक हरिणी म्हणजे कळप नव्हे."

हरिणी परत चढावर गेली आणि अंधार पडेपर्यंत जाळीकडे पाहत उभी राहिली. कळपातल्या इतर हरिणी आपापल्या पाडसांना पुढे घालून तिच्या शेजारून गेल्या. तिच्या पोटाशी कुणीच नव्हतं.

तात्पर्य : अनुभव कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही, तो कुणीतरी पहिल्यांदा विश्वास टाकला म्हणूनच येतो; आणि जो कळप नवख्याच्या पहिल्या हाकेवर उठत नाही, त्याच्या पाडसांना जुने ओरखडे वाचवू शकत नाहीत.